मागच्या झाकणाआड

टीव्ही ही समोर बसून बघायची वस्तू. जुना टीव्ही ओळखायचा असेल तर मात्र तो भिंतीपासून ओढून पाठमोरा करावा लागतो. समोरून दिसते ती लाकडी पेटी, तिची सरकती शटरं, शटरांना कुलूप लावायची सोय, स्पीकरची जाळी आणि कोपऱ्यात कंपनीच्या नावाची पट्टी. या पट्टीवर मी सगळ्यात शेवटी विश्वास ठेवतो. १९७० च्या दशकात टीव्ही जुळवण्याचं बरंच काम लघुउद्योगांच्या वाट्याला आलं होतं. पिक्चर ट्यूब एकाकडून, ट्यूनर दुसऱ्याकडून, कॅबिनेट सुताराकडून आणि नाव आपलं, अशी अनेक छोट्या कारखान्यांची रीत होती. पुढे पेटीला वाळवी लागली की मेकॅनिक आतला सगळा संसार दुसऱ्या पेटीत बसवून देत. त्यामुळे पट्टीवर एक नाव आणि आत दुसऱ्याच घरचा माल, असं नेहमी सापडतं.

नावं तरी किती होती! मुंबईचे टेलिराड, नेल्को, बुश; दिल्लीचे वेस्टन, टेलिव्हिस्टा, क्राउन; मद्रासचे डायनोरा आणि सॉलिडेअर; हैदराबादच्या सरकारी ईसीआयएलचा ईसी टीव्ही. आज यातली बहुतेक नावं फक्त अशा पट्ट्यांवर उरली आहेत.

मी मावळ तालुक्यातल्या उर्से गावचा. द्रुतगती मार्गावरच्या टोलनाक्यामुळे हे नाव आता मुंबई-पुण्याच्या प्रत्येक प्रवाशाला माहीत आहे, गाव मात्र फार थोड्यांनी पाहिलंय. फिनोलेक्स केबल्सचा कारखाना आला, मग रस्ता आला, जमिनींचे व्यवहार झाले आणि माती-विटांच्या घरांच्या जागी स्लॅबची घरं उभी राहिली. घर पाडायच्या आधी माळा रिकामा करतात. पितळी हंडे, पाटा-वरवंटा, जुन्या पेट्या असं सगळं खाली येतं आणि त्याच्याबरोबर हा लाकडी खोकाही येतो. हंडे लेकी-सुना वाटून घेतात, खोका भंगारात जातो. भंगारवाल्याला त्यातलं तांबं हवं असतं. ते पिक्चर ट्यूबच्या मानेवर चढवलेल्या योकमध्ये असतं. योक ओढून काढताना काचेची मान मोडते, आत हवा शिरते आणि ट्यूब कायमची जाते. जुने व्हॉल्व्हचे टीव्ही मी जमवतो, आणि माझी सगळी धावपळ भंगारवाल्याच्या आधी पोचण्याची असते.

व्हॉल्व्हचा टीव्ही म्हटलं की लोकांना वाटतं, आत सगळे व्हॉल्व्हच असणार. तसा टीव्ही महाराष्ट्रात जवळजवळ सापडत नाही, आणि त्याचं कारण तारखांमध्ये आहे. दिल्लीत दूरदर्शनचं प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं १५ सप्टेंबर १९५९ ला. तेव्हा टीव्ही म्हणजे सगळाच व्हॉल्व्हचा कारभार होता. मुंबई केंद्र सुरू व्हायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला आणि सिंहगडावरून पुणे परिसराला चित्र मिळू लागलं १९७३ मध्ये. या मधल्या तेरा-चौदा वर्षांत ट्रान्झिस्टर आला होता आणि स्वस्तही झाला होता. त्यामुळे आपल्याकडच्या पहिल्या टीव्ही संचांपैकी बरेच मिश्र जातीचे होते. जिथे सिग्नल नाजूक असतो तिथे ट्रान्झिस्टर. जिथे ताकद लागते, पडद्यावर किरण आडवा-उभा फिरवायचा असतो, हजारो व्होल्ट तयार करायचे असतात, तिथे व्हॉल्व्ह. मेकॅनिक लोक त्याला हायब्रिड म्हणत. पुढच्या काही वर्षांत ताकदीची कामंही ट्रान्झिस्टरने घेतली आणि हायब्रिड मागे पडला. म्हणजे मी ज्याच्या मागे आहे तो टीव्ही फार थोडी वर्षं बनला. म्हणूनच तो जपावासा वाटतो.

मावळात तो पोचला तोही सावकाश. इथल्या पाण्यावर टाटांनी खोपोलीला १९१५ मध्ये वीज तयार केली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना दिली. आमच्या वाड्या-वस्त्यांवर दिवे लागायला त्यानंतर कितीतरी दशकं जावी लागली. वीज आली तरी चित्र यायला सिंहगड दिसावा लागायचा. उर्शापासून सिंहगड सरळ रेषेत चाळीसएक किलोमीटर, दक्षिणेला आणि किंचित पूर्वेला. मध्ये डोंगर आडवा आला की पडद्यावर मुंग्या. एकाच गावात वरच्या आळीला बातम्या स्वच्छ दिसायच्या आणि ओढ्याकाठच्या घरात नुसता आवाज यायचा. मग बांबूला बांबू बांधून अँटेना चढवायचा, एकाने कौलांवर उभं राहून तो फिरवायचा आणि खालून दुसऱ्याने ‘आलं, आलं, गेलं’ असं ओरडायचं. लोणावळ्याच्या बाजूला काही घरांचे अँटेना मुंबईकडे तोंड करून होते, असं जुने लोक सांगतात. मुंबईचं चॅनेल चार नंबरचं, खालच्या पट्ट्यातलं, त्याच्या अँटेनाच्या काड्या दोन मीटरहून लांब लागायच्या. म्हणून टीव्हीबरोबर माळ्यावरून ॲल्युमिनियमच्या काड्या निघाल्या तर मी त्याही मोजतो. टीव्हीने कोणत्या दिशेला तोंड करून आयुष्य काढलं ते काडीच्या लांबीवरून कळतं.

मागचं झाकण हार्डबोर्डचं असतं, उष्णता बाहेर पडायला त्याला भोकं पाडलेली असतात. सहा-आठ स्क्रू काढले की ते निघतं आणि आतून एक वास येतो: तापलेल्या धुळीचा, मेणाचा, बेकेलाइटचा आणि आमच्याकडे हमखास ओल्या लाकडाचा. पालीची अंडी, कोळ्यांची जाळी, एखादं उंदराचं घरटं. घाईने झटकायचं नाही. व्हॉल्व्हवरची छापील अक्षरं इतकी कच्ची असतात की कोरड्या फडक्याचा एक हात फिरला तरी निघून जातात, आणि अक्षरं गेली की ओळख गेली. मी व्हॉल्व्ह हलकेच सॉकेटमधून उपटतो, तोंडाजवळ धरतो आणि काचेवर वाफ सोडतो. जिथे कधीकाळी छपाई होती तिथे वाफ जरा वेगळी धरते. क्षणभर अक्षरं उमटतात, ‘बीईएल’, खाली ‘पीसीएल ८०५’, आणि वाफ उडाली की पुन्हा नुसती काच. तेवढ्यात वाचून वहीत टिपून घ्यायचं. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६० च्या दशकात फिलिप्सच्या तंत्रज्ञानावर हे व्हॉल्व्ह देशात बनवायला घेतले होते. काचेवर ते नाव उमटलं की मला दर वेळी आनंद होतो.

ही अक्षरं वाचायला एकदा जमलं की टीव्ही बोलायला लागतो. फिलिप्स आणि टेलिफुंकन यांनी १९३४ मध्ये ठरवलेली ही खुणांची पद्धत आहे. पहिलं अक्षर फिलामेंटचं: ‘ई’ असेल तर ६.३ व्होल्ट, ‘पी’ असेल तर ३०० मिलिअँपिअर. पुढची अक्षरं आत काय आहे ते सांगतात: ‘सी’ म्हणजे ट्रायोड, ‘एफ’ म्हणजे बारीक सिग्नल वाढवणारा पेंटोड, ‘एल’ म्हणजे ताकदीचा पेंटोड, ‘वाय’ म्हणजे एकाच दिशेने वीज सोडणारा डायोड. आकडा आठने सुरू झाला की साधारणपणे खाली नऊ बारीक पिना. म्हणजे पीसीएल ८०५ हा एका काचेत दोन जीव सांभाळणारा व्हॉल्व्ह. चित्र वरून खाली पसरवणं हे त्याचं काम. चित्र आडवं पसरवणारा पीएल ५०४ सगळ्यांत धिप्पाड, डोक्यावर धातूची टोपी आणि टोपीला जाड वायर. त्याच्या शेजारी पीवाय ८८. आणि हजारो व्होल्ट तयार करणाऱ्या ईएचटी ट्रान्सफॉर्मरच्या कुशीत, सहसा जाळीच्या पेटीत, डीवाय ८७ किंवा डीवाय ८०२, सोळा-अठरा हजार व्होल्ट सरळ करून पिक्चर ट्यूबला देणारा. ही मंडळी जागेवर दिसली की पट्टीवर काहीही लिहिलेलं असो, हा हायब्रिड. जागेवर नुसता फिनवाला ट्रान्झिस्टर दिसला की तो नंतरचा.

‘पी’ जातीच्या व्हॉल्व्हचे फिलामेंट एकामागे एक ओवलेले असतात, दिवाळीच्या जुन्या लाइटच्या माळेसारखे. एक गेला की सगळे विझतात. घरचे म्हणतात, ‘टीव्ही पूर्ण मेलाय’, तेव्हा पुष्कळदा त्या माळेतला एकच मणी गेलेला असतो. व्हॉल्व्हच्या डोक्याशी आतून एक चंदेरी-काळा डाग असतो. काचेत चुकून राहिलेली हवा शोषून घ्यायला तिथे बेरियमचा लेप दिलेला असतो. तो डाग दुधासारखा पांढरा पडला असेल तर काचेला तडा गेला आणि हवा आत शिरली असं समजायचं. त्यासाठी मीटर लागत नाही.

ट्यूनरचं बटणही साक्ष देतं. चॅनेलचे आकडे दोन ते बारा असतील तर टीव्ही आपल्याकडच्या ६२५ रेषांच्या पद्धतीचा. दोन ते तेरा असतील तर अमेरिकेच्या ५२५ रेषांचा, बहुधा कुणी आगबोटीवर नोकरी करणाऱ्याने हौसेने आणलेला. एक ते तेरा असतील तर जुना इंग्रजी, ४०५ रेषांचा. त्यावर सिंहगडाचं चित्र कधीच दिसलं नसणार. साल ठरवायला सगळ्यात खात्रीचा पुरावा म्हणजे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. त्याच्या डब्यावर पुष्कळदा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. मात्र तो नंतर बदललेला नाही ना, हे सोल्डरच्या टाक्यावरून बघावं लागतं. कारखान्यातला टाका एकसारखा बारीक, बाहेर घातलेला टाका मोठा आणि भोवती राळेचा पिवळा डाग.

आणि इथेच माझ्या मनातला खरा विषय सुरू होतो.

पवन मावळातल्या एका घरी जुना टीव्ही असल्याचा निरोप आला होता. घर पाडायला काढलं होतं, ओसरीवर सामान मांडलेलं. आजींना मी विचारलं, “आजी, हा कोणत्या साली घेतला?”

“साल कशाला लक्षात ऱ्हातंय, बाबा? थोरल्याचं लगीन झालं त्याच्या म्होरल्या वर्साला. धरणात पाणी आडवून लई दिस झालं हुतं.”

“आणि कंपनी?”

“कंपनी म्हंजी? आमी टीवीच म्हणायचो. बिल-बिल असंल तर डब्यात बघ.”

बिस्किटांच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात रेशनकार्ड, जुने सातबारे, फोटो आणि तळाशी टीव्हीच्या परवान्याचं पुस्तक होतं. टीव्ही ठेवायचा तर पोस्टातून परवाना घ्यावा लागायचा, दर वर्षी फी भरून शिक्का मारून आणावा लागायचा. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ती पद्धत बंद झाली. पुस्तकात कंपनीचं नाव आणि संचाचा नंबर हाताने भरलेला होता, डायनोरा. पेटीवरची पट्टी टेलिराडची होती. चॅसीवरचा नंबर परवान्याशी जुळला. म्हणजे पेटी नंतरची.

ती का बदलली ते आतूनच कळलं. झाकणाच्या आतल्या बाजूला तांबड्या पेन्सिलीने वर ‘श्री’ काढलेलं आणि खाली, वेगवेगळ्या दिवशी पण एकाच वळणाच्या अक्षरात, नोंदी:

‘१२-९-८१ ईएचटी बदली.’

‘३-८-८३ पीएल ५०४ नवा. कॅबिनेट वाळवी, दुसरे बसवले.’

‘२०-१-८७ पिक्चर ट्यूबला बूस्टर.’

शेवटच्या तारखेशी मी थांबलो. रामायण मालिका सुरू झाली २५ जानेवारी १९८७ ला, रविवारी. त्याच्या पाच दिवस आधी या घरातल्या पिक्चर ट्यूबने मान टाकली होती, चित्र राखाडी झालं होतं आणि नवी ट्यूब घेण्याची ऐपत बहुतेक नव्हती. म्हणून त्या मेकॅनिकने बूस्टर बसवला, म्हणजे फिलामेंटला नेहमीपेक्षा थोडा जास्त व्होल्टेज देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर. त्याने थकलेली ट्यूब आणखी काही काळ उजेड देते. हा बूस्टर बाजारातला नव्हता. कोणत्या तरी मोडक्या वस्तूतला गाभा घेऊन त्यावर हाताने तार गुंडाळलेली, वर सुती पट्टी आणि पट्टीला व्हार्निश. वेढे असे एकाला एक लागून बसलेले की बोट फिरवलं तर खाच लागत नाही. आजींना मी तारीख वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, “व्हय तर. तवा साऱ्या आळीची मान्सं ओसरीवर बसायची. पयल्या दिशी नारळ फोडला हुता टीवीम्होरं.”

परदेशात, इंग्लंड-अमेरिकेत, जुने टीव्ही जमवणाऱ्यांची मोठी परंपरा आहे आणि त्यांचं काम मी आदराने बघतो. तिथे अनेकांचा आग्रह असतो की संच कारखान्यातून निघाला तसा करायचा. जुन्या कपॅसिटरचं पोट रिकामं करून त्यात नवा कपॅसिटर लपवतात, म्हणजे बाहेरून सगळं पहिल्या दिवसासारखं दिसतं. इतका जीव लावणं सोपं नाही. पण मावळातल्या टीव्हीला तो नियम लावायला माझं मन घेत नाही. त्या न्यायाने ही दुसरी पेटी परकी ठरते, बूस्टर काढून टाकायचा, पेन्सिलीच्या नोंदी खोडायच्या. मग उरतं काय? डायनोराच्या कारखान्यातून त्या वर्षी निघालेल्या कितीतरी सारख्या संचांपैकी एक. या नोंदी आणि ही हाताची गुंडाळी यांच्यामुळे तो जगातला एकमेव आहे. कारखान्याने टीव्ही बनवला हे खरं, पण व्होल्टेज सारखं खाली-वर होणाऱ्या, चार महिने पाऊस झोडपणाऱ्या मावळात तो टिकवला मेकॅनिकने. संग्रहात त्याचंही नाव लागलं पाहिजे, असं मी ठामपणे मानतो. फुगलेले, गळणारे कपॅसिटर मी बदलतो, कारण ते ठेवले तर आग लागेल. पण काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून, चिठ्ठी लावून, त्याच पेटीत ठेवतो. बूस्टरला हात लावत नाही.

पाऊस हा आमच्याकडचा मोठा शत्रू. लोणावळ्याकडून जूनमध्ये ढग उतरले की ईएचटीच्या आसपास दमट हवेत निळी ठिणगी फिरते, चर्र आवाज येतो आणि ओझोनचा वास सुटतो. पावसाळ्यात मी कोणताही संच चालू करत नाही. पेटीजवळ साठ वॅटचा पिवळा बल्ब लावून ठेवतो, तेवढी ऊब पुरते. हे वाचून कुणाला माळ्यावरचा टीव्ही उघडावासा वाटला तर कळकळीने सांगतो, जाणत्या माणसाशिवाय उघडू नका. अनेक हायब्रिड संचांची चॅसी थेट मेन्सला जोडलेली असते, हात लावला तर सरळ शॉक. पिक्चर ट्यूबच्या आत-बाहेर ग्रॅफाइटचा लेप असतो, त्यात बंद केल्यावरही चार्ज साठून राहतो. आणि काचेच्या आत पोकळी आहे. ती फुटली तर तुकडे आधी आत ओढले जातात आणि मग अंगावर येतात. जुने मेकॅनिक एक हात खिशात ठेवून काम करायचे, म्हणजे वीज एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून जायला वाट मिळत नाही. मीही तसंच करतो.

ही काच बघताना मला तळेगाव आठवतं. उर्शापासून हाकेच्या अंतरावर, तळेगाव दाभाड्याला, १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा गोळा करायची कल्पना काढली, टिळकांनी ती उचलून धरली आणि ईश्वरदास वार्ष्णेय परदेशात काचकाम शिकून येऊन इथे भट्टीशी उभे राहिले. तिथे शिकलेल्या माणसांनी पुढे देशात ठिकठिकाणी काचेचे कारखाने काढले. पिक्चर ट्यूब तिथे बनली नाही. पण निर्वात काच बनवणाऱ्या बंगळुरूपर्यंत देश पोचला, त्या वाटेची एक सुरुवात आमच्या तालुक्यात झाली होती, हे मुलांना सांगताना मला अभिमान वाटतो.

मुलं येतात, उन्हाळ्याच्या सुट्टीत. दूरदर्शनचे जमिनीवरून प्रक्षेपण करणारे जुने ॲनालॉग प्रक्षेपक आता जवळजवळ सगळे बंद झाले आहेत, म्हणून सेट-टॉप बॉक्सच्या पुढे एक मॉड्युलेटर जोडून मीच टीव्हीला हवं ते चॅनेल तयार करून देतो. बटण फिरवलं की आधी काहीच होत नाही. मग मागच्या भोकांतून नारिंगी उजेड दिसतो, आवाज येतो, आणि बऱ्याच वेळाने चित्र. लहान मुलं लगेच कानावर हात ठेवतात. चित्र आडवं पसरवताना टीव्ही सेकंदाला १५,६२५ वेळा किरण फिरवतो आणि त्याची बारीक शीळ त्यांना ऐकू येते. मला ती आता येत नाही, म्हणून आडवा भाग सुरू झाला का, हे मी त्यांनाच विचारतो. ती न चुकता सांगतात.

मध्यंतरी आंदर मावळातून आणखी एक संच आला. वेस्टनचा, पेटी मूळचीच, त्यावर निळी-नारिंगी-हिरवी पारदर्शक पट्टी अजून चिकटलेली; काळ्या-पांढऱ्या पडद्यावर रंगाचा भास व्हावा म्हणून लोक ती लावत. आत तांबड्या पेन्सिलीने ‘श्री’. तेच वळण, बूस्टरमधला तोच मोठ्या पोटाचा ‘ब’, तशीच सुती पट्टीची गुंडाळी. दोन्ही घरांतून मिळून एवढंच कळलं की हे मेकॅनिक तळेगाव स्टेशनजवळ बसायचे, लोकलने यायचे आणि सामानाची पिशवी खांद्याला लावून पुढे चालत जायचे. तोवर माझी मांडणी कंपनीनुसार होती. ती मी मोडली. आता हे दोन संच, एक मद्रासचा आणि एक दिल्लीचा, एका फळीवर शेजारी-शेजारी आहेत, आणि चिठ्ठीवर वरच्या ओळीत मी मेकॅनिकसाठी जागा मोकळी ठेवली आहे. कामशेतच्या पलीकडच्या एका गावातून तिसऱ्या संचाचा फोटो आलाय. फोटो समोरूनच काढलाय, त्यामुळे काही सांगता येत नाही. घरच्यांना कळवलंय की मी येईपर्यंत आतली धूळ झाडू नका, आणि त्या भागात कुणी जुना माणूस त्या मेकॅनिककाकांना ओळखत असेल तर तेवढं विचारून ठेवा.